सर्टिफिकेटचा एरर आला की आधी काय बघायचं? छोट्या धंद्याच्या सर्व्हरसाठी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा टॉवेलचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. ऑफिसच्या कोपऱ्यात एक सर्व्हर आहे. त्यावर ऑर्डरचं आणि गोदामाचं सॉफ्टवेअर चालतं. बाहेरगावच्या एजंटांना मोबाइलवरून ऑर्डर टाकता यावी म्हणून त्याला इंटरनेटवरचा पत्ताही दिलाय. सोमवारी सकाळी दुकानं उघडतात आणि फोन सुरू होतात: ‘साइट उघडत नाही, तुमचं कनेक्शन खाजगी नाही असं म्हणतंय.’ शनिवारपर्यंत सगळं चालत होतं, कोणी कशाला हात लावलेला नाही.

यानंतर घाईत जे केलं जातं, त्यातच अर्धा दिवस जातो. सर्व्हर बंद-चालू होतो, कोणीतरी नवं सर्टिफिकेट विकत घेतो, कोणीतरी जुन्या फाइली पुसून टाकतो. कर्मचाऱ्यांना सांगितलं जातं की ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबा आणि पुढे जा. हा शेवटचा सल्ला सगळ्यांत घातक. रोजच्या सॉफ्टवेअरवर धोक्याची सूचना ओलांडायची सवय लागलेला माणूस उद्या बँकेच्या खोट्या पानावरही तीच ओलांडणार, आणि तिथे पासवर्ड टाकणार.

खरं तर सर्टिफिकेटचा बिघाड स्वतःच सांगतो की काय दुखतंय. पानावरची बारीक अक्षरांतली ओळ वाचली आणि सर्व्हर या क्षणी नेमकं कोणतं सर्टिफिकेट दाखवतोय ते पाहिलं, की बहुतेक वेळा कारण हाती येतं. तोवर काही बदलू नका, काही पुसू नका.

एक गोंधळ आधीच मिटवू. आपल्याकडे व्यापारी ‘सर्टिफिकेट संपलं’ म्हणतो तेव्हा अनेकदा तो डीएससीबद्दल बोलत असतो. डीएससी म्हणजे जीएसटी, कंपनी कायद्याची कामं किंवा सरकारी टेंडर यांसाठी यूएसबी टोकनमध्ये असलेली डिजिटल सही. ती माणसाची ओळख आहे. इथे बोलतोय ते सर्व्हरच्या ओळखीबद्दल, ज्याला सगळे एसएसएल सर्टिफिकेट म्हणतात. तांत्रिक कागदांत ‘सीए’ असं दिसलं, तर तो चार्टर्ड अकाउंटंट नव्हे. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला तिथे सीए म्हणतात.

आत असतं काय

सर्टिफिकेट ही एक छोटी फाइल असते. तिच्यात सर्व्हरचं नाव (किंवा नावं), कधीपासून कधीपर्यंत चालेल त्या तारखा, सर्व्हरची सार्वजनिक किल्ली आणि ते देणाऱ्या संस्थेची सही असते. या सार्वजनिक किल्लीची जोडीदार म्हणजे खाजगी किल्ली. ती सर्व्हरवरच राहते, कोणालाही द्यायची नसते. सर्टिफिकेट जगाला दाखवायचं असतं, ते लपवण्यात अर्थ नाही. खाजगी किल्ली मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलने पाठवली, की ती फुटली असंच समजायचं आणि नव्या किल्लीवर नवं सर्टिफिकेट घ्यायचं.

ब्राउझर चार गोष्टी तपासतो. आजची तारीख मुदतीत आहे का? पत्त्याच्या पट्टीतलं नाव सर्टिफिकेटमध्ये आहे का? सही करणाऱ्यापासून माझ्या ओळखीच्या संस्थेपर्यंत साखळी पोचते का? समोरच्या सर्व्हरकडे खरोखर जोडीदार किल्ली आहे का? यांतलं काहीही चुकलं की धोक्याचं पान येतं, आणि काय चुकलं ते त्या पानावरच्या कोडमध्ये लिहिलेलं असतं. क्रोममध्ये ‘डेट इनव्हॅलिड’ असेल तर तारखेचा प्रश्न, ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ असेल तर नावाचा, ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ असेल तर साखळीचा.

पहिली पाच मिनिटं

एरर एकाच संगणकावर आहे की सगळीकडे, हे आधी विचारा. मग मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तोच पत्ता उघडा. या दोन प्रश्नांनी निम्मा शोध संपतो. एकाच संगणकावर असेल तर सर्व्हरला हात लावायची गरज नाही. त्या संगणकाचं घड्याळ बघा, आणि त्याचा अँटिव्हायरस एचटीटीपीएस तपासायला मध्ये उभा राहतोय का ते बघा. अँटिव्हायरस मध्ये असेल तर सर्टिफिकेट देणाऱ्याच्या जागी त्या अँटिव्हायरसचंच नाव दिसतं.

बाहेरून चालतंय आणि फक्त ऑफिसातून एरर येतोय, असं असेल तर बहुतेक वेळा राउटर मध्ये आलेला असतो. ऑफिसच्या आतून आपलाच बाहेरचा पत्ता मागितला, की अनेक साधे राउटर ती विनंती सर्व्हरकडे वळवत नाहीत, स्वतःचंच लॉगिन पान पुढे करतात. मग सर्टिफिकेटही राउटरचं दिसतं. सर्टिफिकेट उघडून नाव वाचलं की हे एका क्षणात कळतं. न वाचता सर्व्हरवर कितीही सर्टिफिकेटं बदलली तरी फरक पडत नाही. राउटरमध्ये हेअरपिन नॅटची, म्हणजे आतून आलेली अशी विनंती पुन्हा आतच वळवण्याची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर ऑफिसच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या नोंदवहीत, ते नाव थेट सर्व्हरच्या आतल्या आयपीकडे वळवा.

ब्राउझर आठवणीतलं काहीबाही दाखवतोय अशी शंका असेल, तर दुसऱ्या मशीनवरून ओपनएसएसएल या सर्टिफिकेट तपासायच्या मोफत साधनाची ‘एस अंडरस्कोर क्लायंट’ ही कमांड वापरा. ‘कनेक्ट’ या पर्यायापुढे नाव, कोलन आणि ४४३ (एचटीटीपीएसचं पोर्ट), मग ‘सर्व्हरनेम’ या पर्यायापुढे पुन्हा तेच नाव. हा दुसरा पर्याय विसरू नका. एकाच आयपीवर अनेक साइट असतील तर नाव सांगितल्याशिवाय सर्व्हर पहिल्या साइटचं सर्टिफिकेट देतो, आणि तुम्ही भलत्याच सर्टिफिकेटचा शोध घेत बसता. सर्व्हर बाहेरून उघडत असेल तर एसएसएल लॅब्जची मोफत तपासणी तेच काम सविस्तर करून देते.

तारीख, आणि घड्याळ

मुदत संपली असेल तर उपाय नूतनीकरण, ते पुढे येईलच. त्याआधी एक बारकावा. सर्टिफिकेटमधल्या वेळा जागतिक वेळेनुसार असतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. कमांडच्या उत्तरात ‘१४ तारीख, २३:५९:५९ जीएमटी’ असं दिसलं, तर ते आपल्याकडे १५ तारखेच्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंदांपर्यंत चालतं. म्हणून असे सर्टिफिकेट संपल्याचं रात्री कोणाला कळत नाही, सकाळी ऑफिस उघडल्यावर कळतं.

मुदत शाबूत असूनही तारखेचा एरर येत असेल तर साइट उघडणाऱ्या संगणकाचं घड्याळ चुकलंय. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल संपला, की वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि सर्टिफिकेट ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं वाटतं. सेल बदला, तारीख लावा. नुसती तारीख लावून ठेवलीत तर पुढच्या वेळी वीज जाईल तेव्हा तेच होईल.

सर्व्हरचं घड्याळ चुकलं तर मात्र प्रकार वेगळा आणि जास्त फसवा. सर्टिफिकेट दाखवताना सर्व्हर स्वतःची तारीख बघत नाही, त्यामुळे पाहुण्यांना लगेच काही जाणवत नाही. पण नूतनीकरण करणारा प्रोग्रॅम सर्व्हरचंच घड्याळ बघून ठरवतो की अजून किती दिवस शिल्लक आहेत. घड्याळ दोन महिने मागे असेल, तर त्याच्या मते घाई काहीच नाही, आणि जगाच्या घड्याळात मुदत केव्हाच संपलेली असते. सर्व्हर जिथे जिथे बाहेर जातो, म्हणजे पेमेंट गेटवे किंवा जीएसटीची सेवा, तिथलीही सर्टिफिकेटं मग त्याला चुकीची वाटू लागतात.

लिनक्सवर ‘टाइमडेटसीटीएल’ आणि विंडोजवर ‘डब्ल्यू३२टीएम’ या कमांडने घड्याळ बाहेरच्या वेळेशी जुळतंय का ते दिसतं. ही जुळणी यूडीपी १२३ या पोर्टवरून होते, फायरवॉलमध्ये ते बंद नको. वेळ कुठून घ्यायची याचंही उत्तर ठरलेलं आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळ-सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी घड्याळ मिळवायचं असतं.

नाव

हा प्रश्न सोपा असतो, पण वारंवार येतो. सर्टिफिकेट ‘कारखाना डॉट इन’ या नावाचं आहे आणि लोक आधी तीन डब्ल्यू लावून उघडतात. ती दोन वेगळी नावं आहेत, दोन्ही यादीत हवीत. वाइल्डकार्ड सर्टिफिकेट घेतलं तरी ते एकाच पायरीपुरतं असतं. त्यात ‘ऑर्डर डॉट कारखाना डॉट इन’ बसतं, पण ‘टेस्ट डॉट ऑर्डर डॉट कारखाना डॉट इन’ बसत नाही. नुसतं ‘कारखाना डॉट इन’सुद्धा बसत नाही, ते वेगळं लिहून घ्यावं लागतं. शिवाय नावं ‘सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम’ या रकान्यात असली पाहिजेत. जुन्या पद्धतीच्या ‘कॉमन नेम’ रकान्याकडे क्रोम २०१७ पासून बघतच नाही. घरी बनवलेल्या सर्टिफिकेटांत ही चूक हमखास सापडते.

साखळी: लॅपटॉपवर चालतं, स्कॅनरवर नाही

या एका चुकीवर सगळ्यांत जास्त तास वाया जातात, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

पेठेतल्या व्यापाऱ्याकडे अनोळखी माणूस उधारीवर माल मागायला आला, तर व्यापारी विचारतो, ‘कोणाच्या ओळखीने आलात?’ त्याने चिठ्ठी दाखवली. चिठ्ठी देणाराही व्यापाऱ्याच्या ओळखीचा नाही, पण त्या देणाऱ्याची हमी देणारी दुसरी चिठ्ठी सोबत आहे, आणि तिच्यावर व्यापाऱ्याच्या जुन्या आडत्याची सही आहे. आता व्यवहार होतो. आडत्या म्हणजे मूळ संस्था, तिचं रूट सर्टिफिकेट फोनमध्ये किंवा संगणकात आधीपासून असतं. पहिली चिठ्ठी म्हणजे तुमचं सर्टिफिकेट. मधली चिठ्ठी म्हणजे इंटरमीजिएट सर्टिफिकेट, आणि ती सोबत आणणं ही सर्व्हरची जबाबदारी आहे.

ती मधली चिठ्ठी सर्व्हरवर लावायची राहिली, तर गंमत अशी की मालकाच्या लॅपटॉपवर साइट व्यवस्थित उघडते. कारण विंडोजवरचा ब्राउझर सर्टिफिकेटमध्ये दिलेल्या पत्त्यावरून ती स्वतः आणून घेऊ शकतो, आणि फायरफॉक्सकडे अशा माहीत असलेल्या चिठ्ठ्यांचा साठा असतो. पण अँड्रॉइडवरचं अ‍ॅप, गोदामातला बारकोड स्कॅनर, पायथन किंवा जावातली स्क्रिप्ट, पेमेंट गेटवेकडून येणारा निरोप, यांच्यापैकी बहुतेक जण ते कष्ट घेत नाहीत. ते सरळ नकार देतात. मग ‘माझ्याकडे तर चालतंय’ आणि ‘आमच्याकडे बंद आहे’ असा वाद दोन दिवस चालतो.

ओळखायचं कसं? वर सांगितलेल्या कमांडच्या उत्तरात साखळीच्या ओळी ० पासून क्रमाने दिसतात. फक्त ० दिसली आणि १ नाही, म्हणजे मधली चिठ्ठी गायब. सर्टबॉट, म्हणजे मोफत सर्टिफिकेट घेणारा आणि त्याचं नूतनीकरण करणारा प्रोग्रॅम, चार फाइली देतो. त्यांतली ‘सर्ट डॉट पेम’ म्हणजे नुसतं तुमचं सर्टिफिकेट, आणि ‘फुलचेन डॉट पेम’ म्हणजे मधल्यासकट. एनजिनएक्स या वेब सर्व्हर प्रोग्रॅममध्ये दुसरी लावायची, लोक पहिली लावतात. विकत घेतलेल्या सर्टिफिकेटसोबत ‘सीए बंडल’ नावाची फाइल येते. तिथे एका फाइलमध्ये आधी आपलं सर्टिफिकेट आणि त्याखाली बंडल, या क्रमानेच जोडायचं. क्रम उलटा झाला तर एनजिनएक्स किल्ली जुळत नसल्याची तक्रार करतो आणि सुरूच होत नाही.

साखळी पूर्ण असूनही एखादं जुनं यंत्र नकार देत असेल, तर त्या यंत्राला आडत्याच माहीत नसतो. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची मूळ ओळख ‘आयएसआरजी रूट एक्स१’. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या यंत्रांना ती माहीत नाही. पूर्वी एका जुन्या रूटच्या आधाराने ती यंत्रं चालत होती, तो आधार २०२४ मध्ये संपला. गोदामात जुन्या अँड्रॉइडचे हातात धरायचे स्कॅनर असतील तर हे लक्षात ठेवा. जावा ८ मध्येही ८यू१४१ च्या आधीच्या आवृत्तीत हा रूट नाही. अशा वेळी सर्व्हरवर काही शोधत बसू नका. यंत्र अद्ययावत करा, जमलं नाही तर त्यात तो रूट हाताने घाला, तेही जमलं नाही तर जुन्या यंत्रांना माहीत असलेल्या संस्थेचं सर्टिफिकेट घ्या.

नवं घेतलं, तरी जुनंच दिसतंय

फाइल बदलली म्हणून सर्व्हर नवी फाइल वाचतोच असं नाही. एनजिनएक्स, अपाची हे वेब सर्व्हर आणि पोस्टफिक्स, डव्हकॉट हे मेल सर्व्हर, सगळेच सुरू होताना सर्टिफिकेट वाचून ठेवतात आणि सांगितल्याशिवाय पुन्हा बघत नाहीत. नूतनीकरण दर दोन महिन्यांनी बिनचूक होत असतं, डिस्कवर ताजं सर्टिफिकेट पडलेलं असतं, आणि लोकांना संपलेलं दिसत असतं. डिस्कवरच्या फाइलचा सीरियल नंबर आणि सर्व्हर दाखवतोय त्याचा सीरियल नंबर शेजारी ठेवून बघा. वेगळे असतील तर रीलोड करा. कायमचा बंदोबस्त म्हणजे सर्टबॉटच्या ‘रिन्यूअल-हुक्स’ फोल्डरमधल्या ‘डिप्लॉय’ या फोल्डरात रीलोडची दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवणं. तिला चालवण्याची परवानगी द्यायला विसरू नका.

मेल सर्व्हर त्याच मशीनवर असेल तर त्याचंही नाव या स्क्रिप्टमध्ये हवं. वेबसाइट ठीक आणि आउटलुकमध्ये सर्टिफिकेटची तक्रार, असं झालं की ९९३ आणि ५८७ ही पोर्टं वेगळी तपासा. ५८७ साठी कमांडला ‘स्टार्टटीएलएस एसएमटीपी’ हा पर्याय द्यावा लागतो.

विंडोज सर्व्हरवर आयआयएस (विंडोजचाच वेब सर्व्हर) असेल तर नवं सर्टिफिकेट आत घेणं हे अर्धंच काम. साइटच्या ‘बाइंडिंग’मध्ये जाऊन ४४३ समोर ते नवं निवडावं लागतं. तिथल्या यादीत ते दिसतच नसेल तर दोन कारणं असतात. एक, ते ‘लोकल कॉम्प्युटर’ऐवजी ‘करंट यूजर’च्या कपाटात गेलं. दोन, त्याच्यासोबत खाजगी किल्लीच नाही. सर्टिफिकेटच्या चिन्हावर छोटी किल्ली दिसत नाही ती यामुळे. सर्टिफिकेटच्या मागणीची फाइल (सीएसआर) याच मशीनवर बनवली असेल तर ‘सर्टयुटिल’च्या ‘रिपेअरस्टोअर’ने किल्ली पुन्हा जोडली जाते. दुसऱ्या मशीनवर बनवली असेल तर तिथूनच किल्लीसकट पीएफएक्स फाइल आणावी लागते.

पीएफएक्सचीही एक खोड आहे. ओपनएसएसएल ३ ने बनवलेली पीएफएक्स विंडोज सर्व्हर २०१६ किंवा त्याआधीच्या आवृत्तीवर उघडायला गेलात, तर ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असं उत्तर येतं. पासवर्ड बरोबरच असतो. नव्या पद्धतीचं एन्क्रिप्शन त्या जुन्या विंडोजला वाचता येत नाही. ‘लेगसी’ हा पर्याय देऊन तीच फाइल पुन्हा बनवा.

लिनक्सवर सर्टिफिकेट आणि किल्ली एकमेकांची आहेत का याची खात्री करायची असेल, तर दोन्हींमधून सार्वजनिक किल्ली काढून त्यांचे हॅश (मजकुरावरून निघणारे ठसे) ताडून बघा. वेगळे आले तर किल्ली दुसऱ्याच मागणीची आहे. जोडीदार सापडला नाही तर शोधत बसू नका. नवी किल्ली, नवी मागणी आणि पुन्हा सर्टिफिकेट यात वेळ कमी जातो.

नूतनीकरण अडतं कुठे

लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था सर्टिफिकेट देण्याआधी एक खात्री करते: हे नाव खरंच तुमच्या ताब्यात आहे का? नेहमीच्या पद्धतीत ती पोर्ट ८० वरून तुमच्या सर्व्हरवरची एक छोटी फाइल वाचायला येते. ते येणं कुठे अडलं, हे शोधणं म्हणजेच नूतनीकरणाची दुरुस्ती.

‘आम्ही फक्त एचटीटीपीएस वापरतो’ म्हणून पोर्ट ८० बंद केलेलं असतं. ते उघडं ठेवा, तिथून ४४३ कडे वळवलं तरी चालतं. फायरवॉलवर ‘फक्त भारतातून येऊ द्या’ असा नियम असतो. तपासणी एकाच वेळी जगातल्या अनेक ठिकाणांहून होते, त्यामुळे ती अडते. डीएनएसमध्ये जुन्या होस्टिंगची आयपीव्ही६ नोंद, म्हणजे चार ‘ए’वाली, पडून राहिलेली असते. लेट्स एन्क्रिप्ट आयपीव्ही६ ला प्राधान्य देतं आणि भलत्याच सर्व्हरला विचारतं. तुम्ही आयपीव्ही४ ची नोंद शंभरदा तपासली तरी दोष सापडत नाही. किंवा सीएए नावाची नोंद असते, ज्यात फक्त एका जुन्या कंपनीलाच या नावाची सर्टिफिकेटं द्यायची परवानगी लिहिलेली असते.

आणि मग इंटरनेट जोडणीच. फायबरची जोडणी बदलली, नव्या कंपनीने कमी पैशात जास्त वेग दिला, आणि त्या दिवसापासून नूतनीकरण बंद पडलं, तर जोडणी बहुधा सीजीनॅटच्या मागे आहे. म्हणजे एकच खरा आयपी अनेक ग्राहकांत वाटलाय आणि बाहेरून तुमच्यापर्यंत कोणी पोचूच शकत नाही. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर सीजीनॅट नक्की. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग कितीही नीट केलं तरी उपयोग नाही. कंपनीकडून स्टॅटिक आयपी मागा, किंवा दुसरी पद्धत वापरा.

ही दुसरी पद्धत म्हणजे डीएनएसमधून पडताळणी. संस्थेने दिलेला मजकूर डोमेनच्या डीएनएसमध्ये ‘टीएक्सटी’ नोंद म्हणून ठेवायचा. सर्व्हरकडे कोणाला यावंच लागत नाही, आणि वाइल्डकार्ड सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टकडून याच रस्त्याने मिळतं. पण ही नोंद दर वेळी हाताने टाकायची असेल तर ते टिकणार नाही. डीएनएस अशा कंपनीकडे ठेवा जी प्रोग्रॅममधून नोंद बदलू देते.

प्रयोग करताना एक पथ्य. एका नावासाठी तासाला ५ पडताळण्या फसल्या की लेट्स एन्क्रिप्ट काही काळ थांबवतं. अगदी तीच नावं असलेली सर्टिफिकेटं आठवड्याला ५ च मिळतात. घाबरून पुन्हा पुन्हा प्रयत्न केले, की मूळ दोष सुटल्यावरही सर्टिफिकेट मिळत नाही. म्हणून आधी ‘सर्टबॉट रिन्यू’ला ‘ड्राय-रन’ हा पर्याय लावून चालवा. तो चाचणीच्या सर्व्हरशी बोलतो, खऱ्या मोजणीत धरला जात नाही. दोष काय ते लॉगच्या शेवटच्या पंधरा-वीस ओळींत स्पष्ट लिहिलेलं असतं.

नूतनीकरणानंतर एनजिनएक्सने स्टेपलिंगबद्दल इशारा दिला, ओसीएसपीचा (सर्टिफिकेट रद्द झालंय का ते विचारायच्या सेवेचा) पत्ता सापडत नाही म्हणाला, तर घाबरू नका. लेट्स एन्क्रिप्टने ती सेवा २०२५ मध्ये बंद केली. कॉन्फिगमधल्या स्टेपलिंगच्या ओळी काढा, झालं.

फक्त ऑफिसच्या आत चालणारा सर्व्हर

१९२.१६८ ने सुरू होणाऱ्या आयपीला किंवा ‘सर्व्हर डॉट लोकल’ अशा नावाला कोणतीही सार्वजनिक संस्था सर्टिफिकेट देत नाही. ते नाव जगात तुमच्या एकट्याचं नाही, मग हमी कशाची देणार? म्हणून अशा ठिकाणी स्वतः सही केलेलं सर्टिफिकेट लावतात, आणि रोज सकाळी सगळे धोक्याची सूचना ओलांडून आत जातात.

चांगला उपाय आहे आणि त्याला खर्च जवळपास नाही. तुमच्या खऱ्या डोमेनचं एक उपनाव घ्या, उदाहरणार्थ ‘हिशोब डॉट कारखाना डॉट इन’. ते ऑफिसच्या डीएनएसमध्ये आतल्या आयपीकडे वळवा आणि डीएनएस पडताळणीने खरं सर्टिफिकेट घ्या. सर्व्हर बाहेर उघडायची गरज नाही. इतकं करणं शक्य नसेल आणि संगणक आठ-दहाच असतील, तर स्वतःचं छोटं रूट बनवून ते प्रत्येक संगणकात एकदा बसवा. त्या रूटची खाजगी किल्ली पेनड्राइव्हवर घालून तिजोरीत ठेवा, सर्व्हरवर ठेवू नका. ती ज्याच्या हाती लागेल, तो तुमच्या संगणकांना कोणत्याही साइटचं खोटं सर्टिफिकेट खरं म्हणून दाखवू शकेल.

मुदती लहान होत चालल्यात

सर्टिफिकेटची कमाल मुदत सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवस होती. ब्राउझर बनवणारे आणि सर्टिफिकेट देणारे यांच्या सामायिक मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. वर्षाचे पैसे एकदम भरले तरी सर्टिफिकेट वर्षात अनेकदा बदलावं लागणार. ‘वर्षातून एकदा माणूस येतो आणि लावून जातो’ ही व्यवस्था यापुढे चालणार नाही. नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय आत्ताच करून घ्या, विकत घेणारे असाल तरीही.

आठवण करून देणाऱ्या ईमेलवरही विसंबू नका. लेट्स एन्क्रिप्टने ते ईमेल ४ जून २०२५ पासून बंद केलेत. १५ ऑक्टोबरला घेतलेलं ९० दिवसांचं सर्टिफिकेट १३ जानेवारीला संपतं. म्हणजे नेमकं सिद्धेश्वरांच्या यात्रेत, जेव्हा निम्मं ऑफिस गड्ड्याच्या जत्रेत असतं आणि सर्व्हर बघणारा फोन उचलत नाही. म्हणून पहारा मशीनलाच द्यावा. सर्व्हर सोडून दुसऱ्या एखाद्या संगणकावर रोज चालणारी छोटी स्क्रिप्ट ठेवा. ती सर्व्हरशी जोडून दिसणारं सर्टिफिकेट घेईल आणि ओपनएसएसएलच्या ‘चेकएंड’ पर्यायाला १८१४४०० सेकंद, म्हणजे २१ दिवस, देऊन तपासेल. उरलेले दिवस त्याहून कमी असतील तर दोन माणसांना निरोप जाईल. ९० दिवसांच्या सर्टिफिकेटचं नूतनीकरण सर्टबॉट ३० दिवस आधी सुरू करतो. त्यामुळे २१ व्या दिवशी निरोप आला तर नूतनीकरण नऊ दिवस फसतंय असा अर्थ होतो, आणि दुरुस्तीला तीन आठवडे हातात असतात. ४७ दिवसांच्या काळात हा आकडा १० दिवसांवर आणा. स्क्रिप्टने डिस्कवरची फाइल तपासू नये, जोडणीवर दिसणारं सर्टिफिकेटच तपासावं. नाहीतर रीलोड राहून गेल्याची चूक तिलाही दिसणार नाही.

आणि आज संध्याकाळी एवढं एक बघून घ्या: डोमेन कोणाच्या नावावर आहे, आणि त्याचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो? वेबसाइट बनवणाऱ्याने सात वर्षांपूर्वी स्वतःच्या ईमेलने डोमेन घेतलेलं असतं, किंवा नंबर नोकरी सोडून गेलेल्या मुलाचा असतो. वरचा प्रत्येक उपाय शेवटी डीएनएसच्या लॉगिनपाशी येतो. ते लॉगिन मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या नंबरवर आणून घ्या. नूतनीकरण बंद पडलेलं असताना हे करायला गेलात, तर ओळखपत्रं पाठवण्यात आणि पडताळणीची वाट बघण्यात दिवस जातात, आणि तोवर एजंट फोनवरूनच ऑर्डरी लिहून देत राहतात.